पन्नास मायक्रोलिटरचा हिशेब : नवशिक्यांसाठी द्रव सूक्ष्मनिष्कर्षण

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन पाणी किंवा शेतमाल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा दाखल होणाऱ्या मुलामुलींना निष्कर्षण (नमुन्यातला हवा तो पदार्थ द्रावकात ओढून घेणे) म्हटले की सेपरेटरी फनेलच आठवते. एक लिटर पाणी घ्यायचे, त्यात ६० मिलिलिटर डायक्लोरोमिथेन ओतायचे, हलवायचे, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडायची, थर वेगळे होईपर्यंत थांबायचे आणि हा सगळा खटाटोप तीन वेळा करायचा. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ३५१० क्रमांकाच्या पद्धतीत हेच प्रमाण दिलेले आहे. एका नमुन्यामागे १८० मिलिलिटर द्रावक खर्ची पडते आणि शेवटी ते उडवून मिलिलिटरभरावर आणावे लागते. द्रव सूक्ष्मनिष्कर्षणात हेच काम १०० मायक्रोलिटरपेक्षा कमी द्रावकात होते. पुढे दिलेल्या पद्धतीत आपण ५० मायक्रोलिटर वापरणार आहोत, म्हणजे वरच्या पद्धतीच्या ३६०० व्या हिश्श्याएवढे.

एवढ्या थोड्या द्रावकात काम करताना एक गोष्ट मुळापासून बदलते, आणि नवख्या माणसाला ती कोणी सांगत नाही. १८० मिलिलिटरमधले दोन मिलिलिटर सांडले तर उत्तरात फारसा फरक पडत नाही. ५० मायक्रोलिटरमधले दहा मायक्रोलिटर नळीच्या भिंतीला चिकटून राहिले तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून या तंत्रात यंत्राआधी हात शिकवावा लागतो, आणि किती द्रावक घातले याच्या जोडीला किती परत आले हेही प्रत्येक वेळी लिहावे लागते. आपल्या खानदेशात याला तिसरी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे खोलीचे तापमान.

आधी कागदावर गणित

दोन एकमेकांत न मिसळणाऱ्या द्रवांमध्ये एखादा पदार्थ ठरावीक प्रमाणात वाटला जातो, हा नेर्न्स्टचा वितरण नियम १८९१ सालचा आहे आणि सूक्ष्मनिष्कर्षणाची सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. पदार्थाचा वितरण गुणांक आपण क मानू. क गुणिले द्रावकाचे आकारमान, भागिले तेवढेच अधिक पाण्याचे आकारमान, असा भागाकार केला की समतोलाला किती हिस्सा द्रावकात येईल हे कळते. ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यातले गुणांक सहज मिळतात आणि पहिल्या अंदाजाला ते पुरेसे असतात.

१० मिलिलिटर पाणी आणि ०.०५ मिलिलिटर द्रावक धरू. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे वापरले गेलेले क्लोरपायरिफॉस घेतले, तर त्याचा गुणांक ५०,००० च्या घरात असल्यामुळे ९९ टक्क्यांहून जास्त पदार्थ द्रावकाच्या थेंबात यायला हवा. मक्यातल्या तणासाठी फवारतात त्या अॅट्राझिनचा गुणांक साधारण ४०० धरला, तर दोन तृतीयांशच येईल. गुणांक ५० असलेला पदार्थ घेतला तर जेमतेम २० टक्के. हे गणित पाच मिनिटांचे आहे, पण ते न करता कामाला लागलेले विद्यार्थी अॅट्राझिनची पुनर्प्राप्ती (मूळ पदार्थापैकी थेंबात आलेला हिस्सा) ६५ टक्के आली म्हणून आठवडाभर द्रावक बदलत बसलेले मी पाहिले आहेत. तिथे चूक कुणाचीच नव्हती. एवढ्याशा थेंबात तेवढेच मावणार होते. पुनर्प्राप्ती कमी असली तरी ती दर वेळी तितकीच येत असेल, तर पद्धत वापरता येते.

दुसरा प्रश्न पदार्थ विद्युतभारित आहे का, हा. २,४-डी या तणनाशकाची वाफ किंवा फवाऱ्याचे तुषार शेजारच्या कपाशीवर गेले की पाने कशी लांबट आणि आकसलेली होतात हे इथल्या प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. हे तणनाशक आम्ल आहे, त्याचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू आयन होतात तो) २.७ च्या आसपास आहे, आणि विहिरीच्या साडेसात-आठ सामूच्या पाण्यात ते जवळजवळ पूर्णपणे आयन रूपात असते. त्या रूपात ते थेंबाकडे ढुंकूनही पाहत नाही. सामू १ च्या आसपास आणला की ते उदासीन होते आणि मगच द्रावकात उतरते. उलट अमाइन गटाची औषधे काढायची तर नमुना अल्कधर्मी करावा लागतो, आणि इथे आपल्या पाण्याचा एक खोडा आहे. काळ्या बेसाल्ट खडकातले पाणी बहुधा जड असते. त्यात अल्कली घालताच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे पांढरे क्षार खाली बसू लागतात, आणि नवशिका त्या गढूळपणालाच पाण्यात विखुरलेल्या द्रावकाचा ढग समजतो. म्हणून द्रावक घालण्याआधी नमुन्यात नुसती अल्कली घातलेली एक नळी ठेवून पाहावी.

कोणता प्रकार घ्यावा

या तंत्राचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नव्या माणसाने त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या जंगलात शिरू नये. मुख्य वाटा तीनच आहेत.

पहिली वाट थेंबाची. १९९६ साली कॅनडात जेनो आणि कँटवेल यांनी टेफ्लॉनच्या दांड्याच्या टोकाला ८ मायक्रोलिटर ऑक्टेनचा थेंब ठेवून तो ढवळत्या पाण्यात धरला. पुढे तोच थेंब सिरिंजच्या सुईच्या टोकावर आला. साधन म्हणून एक सिरिंज पुरते, परंतु जोरात ढवळले की थेंब पडतो आणि गढूळ पाण्यात तर हमखास पडतो. बाष्पनशील पदार्थांसाठी थेंब पाण्यात न बुडवता वरच्या हवेत धरतात, आणि तिथे ही पद्धत अजूनही उत्तम आहे.

दुसरी वाट पोकळ तंतूची. १९९९ मध्ये नॉर्वेतील पेडरसन-ब्येरगार्ड आणि रासमुसेन यांनी द्रावकाला पॉलिप्रॉपिलीनच्या सच्छिद्र नळीत आसरा दिला. नळीची आतली पोकळी ६०० मायक्रोमीटर, भिंत २०० मायक्रोमीटर आणि छिद्रे ०.२ मायक्रोमीटर असतात. द्रावक भिंतीच्या छिद्रांत बसते, आत आम्लयुक्त पाणी भरता येते, आणि रक्त, लघवी किंवा गढूळ पाण्यातला गाळ बाहेरच राहतो. पद्धत स्वच्छ आहे, पण वेळ घेते. एका नमुन्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

तिसरी वाट विखुरण्याची, आणि सुरुवात हिच्यापासूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. २००६ मध्ये तेहरानमधील रेझाई, असादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ मायक्रोलिटर टेट्राक्लोरोइथिलीन १ मिलिलिटर अॅसिटोनमध्ये विरघळवून ते मिश्रण सिरिंजने ५ मिलिलिटर पाण्यात झपकन सोडले. अॅसिटोन पाण्यात मिसळून गेले आणि टेट्राक्लोरोइथिलीनचे असंख्य बारीक कण होऊन पाणी दुधासारखे झाले. कण बारीक म्हणजे स्पर्शाचे क्षेत्रफळ प्रचंड, म्हणून समतोल काही सेकंदांत होतो. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी सुमारे ५ मायक्रोलिटर द्रावक गोळा झाले, आणि त्यात पाण्यातली बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने ६०३ ते १११३ पट तीव्र झालेली होती. या मूळ पद्धतीची अडचण द्रावकाची आहे. तळाशी बसण्यासाठी ते पाण्याहून जड हवे, आणि जड द्रावके बहुतेक क्लोरीनयुक्त असतात. टेट्राक्लोरोइथिलीन मानवात बहुधा कर्करोगकारक मानले जाते. २००७-०८ मध्ये यावर एक सुंदर तोड निघाली. पाण्याहून हलके आणि साध्या थंडीत गोठणारे द्रावक घ्यायचे, ते वर तरंगू द्यायचे, नळी बर्फात ठेवायची आणि गोठलेली गोळी उचलून घ्यायची. यासाठी १-डोडेकॅनॉल सर्वांत सोयीचे. त्याचा द्रवणांक २२ ते २४ अंश सेल्सिअस, घनता सुमारे ०.८३, वास सौम्य आणि पाण्यातली विद्राव्यता नगण्य.

हात बसवण्यासाठी हळदीचा प्रयोग

कीटकनाशकाच्या प्रमाणित द्रावणाला हात लावण्याआधी दोन दिवस हळदीवर सराव करावा. चिमूटभर हळद २ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवून गाळून घ्यावी. त्यातले ५० मायक्रोलिटर १० मिलिलिटर शुद्ध पाण्यात टाकून दोन थेंब व्हिनेगर घालावे, कारण अल्कधर्मी पाण्यात हळदीचे द्रव्य लालसर होते आणि आयन रूपात जाते. आता खाली दिलेली कृती जशीच्या तशी करावी. पाण्यातला पिवळेपणा उतरून वरच्या गोळीत आलेला डोळ्यांना दिसतो, आणि नळीच्या भिंतीवर राहून गेलेले द्रावकही पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने उघडे पडते. हे ठिपके शून्यावर येईपर्यंत सराव सोडू नये.

नमुना घेणे

उदाहरण म्हणून विहिरीच्या पाण्यातले क्लोरपायरिफॉस मोजायचे धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, त्याची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. नमुना तपकिरी काचेच्या बाटलीतच घ्यावा. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीवर हा पदार्थ चिकटून बसतो. मोटार काही वेळ चालू ठेवून मग बाटली काठोकाठ भरावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि प्रयोगशाळेत ४ अंशांवर ठेवून सात दिवसांच्या आत निष्कर्षण करावे. नमुना अल्कधर्मी असेल तर तितकेही थांबू नये, कारण अल्कधर्मी पाण्यात क्लोरपायरिफॉसचे जलापघटन वेगाने होते. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी असेल तर बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट टाकावे, नाही तर क्लोरीनमुळे क्लोरपायरिफॉसचे ऑक्सॉन हे वेगळे संयुग होते आणि आपण नसलेल्या पदार्थाचा शोध घेत राहतो.

पावसाळ्यात तापी किंवा गिरणेचे पाणी मातीने तांबूस-काळे होते. ते काचतंतूच्या गाळणीतून गाळावे लागते, परंतु क्लोरपायरिफॉस मातीच्या कणांना घट्ट धरून राहते, म्हणून गाळलेल्या पाण्याचा आकडा हा फक्त विरघळलेल्या भागाचा आकडा असतो. अहवालात तसे लिहिलेच पाहिजे.

प्रत्यक्ष कृती

शंकूसारख्या तळाच्या १५ मिलिलिटरच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर नमुना घ्यावा आणि अर्धा ग्रॅम मीठ विरघळवावे. मीठ म्हणजे शुद्ध प्रतीचे सोडियम क्लोराईड, भट्टीत तापवून थंड केलेले.

दुसऱ्या लहान व्हायलमध्ये ५० मायक्रोलिटर १-डोडेकॅनॉल आणि अर्धा मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल एकत्र करावे. डोडेकॅनॉल तेलकट आणि दाट असल्यामुळे पिपेटच्या टोकाला मागे राहते. पिस्टन सावकाश वर घ्यावा, दोन सेकंद थांबावे, टोक बाहेरून टिपून घ्यावे आणि मग सोडावे. शक्य असेल तर हे प्रमाण वजनावर तपासावे: ५० मायक्रोलिटर म्हणजे सुमारे ४१.५ मिलिग्रॅम. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतले डोडेकॅनॉल पांढरे घट्ट झालेले असते. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळे पातळ करावे. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून काढलेले डोडेकॅनॉल सुईत अडकते आणि आकारमान चुकते.

आता हे मिश्रण सिरिंजमध्ये भरून, सुईचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून, एका दमात सोडावे. हा क्षण नीट पाहण्यासारखा असतो. सुईच्या टोकापासून एक पांढरा झोत खाली जातो, तळाच्या शंकूवर आपटून उलटा वर येतो, आणि श्वास घेऊन सोडेपर्यंत सगळी नळी तांदळाच्या धुवणासारखी होते. झोत कचरत कचरत सोडला तर असे होत नाही. वर तेलाचे डोळे तरंगू लागतात, आणि ती नळी तिथेच बाजूला काढावी. ढग नीट झाला असेल तर मिनिटभर हलके हलवावे.

मग ४००० फेऱ्यांवर ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे. समोरासमोरच्या नळ्यांची वजने जुळलेली हवीत. मध्येच वीज गेली आणि यंत्र हळूहळू थांबले तर काही बिघडत नाही, वीज आल्यावर पुन्हा पूर्ण ५ मिनिटे फिरवावे. वर डोडेकॅनॉलचा स्वच्छ थर दिसला की नळी बर्फाच्या पाण्यात ५ मिनिटे उभी ठेवावी. थर पांढरा होऊन आक्रसतो आणि टपोऱ्या तुरीच्या दाण्याएवढी गोळी पाण्यावर डोलू लागते. ती लहान स्पॅटुलाने उचलून, टिपकागदाला क्षणभर टेकवून पाणी काढून, आधी वजन केलेल्या व्हायलमध्ये टाकावी. व्हायलचे वजन पुन्हा घ्यावे. फरक हाच परत आलेल्या थेंबाचा आकडा. खोलीच्या उष्णतेने गोळी वितळते, तिच्यात ५० मायक्रोलिटर मिथेनॉल मिसळावे म्हणजे दाटपणा कमी होतो, आणि यातले २० मायक्रोलिटर एचपीएलसीमध्ये (द्रवातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजणारे यंत्र) सी-१८ स्तंभावर सोडून २९० नॅनोमीटरवर मोजावे.

एका मे महिन्यात आमच्याकडे सहा नळ्यांची पुनर्प्राप्ती ५० पासून ९० टक्क्यांपर्यंत वाटेल तशी आली. बाहेर ४४ अंश होते, आतले यंत्र थंड हवेत होते आणि नमुना तयार करण्याचे टेबल मात्र शेजारच्या कूलरच्या खोलीत. मी दोन दिवस एचपीएलसीच्या पंपावर संशय घेतला, स्तंभ धुतला, दिवा तपासला. तिसऱ्या दिवशी नमुने तयार करणाऱ्या मुलीच्या शेजारी उभा राहून तिचे हात पाहिले तेव्हा कळले: गोळी बर्फातल्या नळीतून निघत होती घट्ट, पण कोरड्या, तापलेल्या स्पॅटुलावर येताच तिची कड वितळत होती आणि ओलसर तेल पात्यावरच राहत होते. चूक तिची नव्हती, ही गोष्ट मी शिकवलीच नव्हती. तेव्हापासून स्पॅटुला आणि व्हायल दोन्ही बर्फातच ठेवतो, नळी एकेक करूनच बाहेर काढतो, आणि टेबलावर तापमापक टांगलेला आहे. खोली ३० अंशांच्या वर असेल तर गोळी उचलण्याचे काम सकाळी आठच्या आत उरकावे. अॅसिटोनायट्राइलच्या जागी अॅसिटोन वापरत असाल तर उन्हाळ्यात तेही झाकणाआड ठेवावे, कारण उघड्या व्हायलमधून ते उडते आणि मिश्रणाचे प्रमाण दुपारपर्यंत बदललेले असते.

आकड्यांचा अर्थ लावणे

दोन राशी वेगवेगळ्या ठेवाव्यात. समृद्धी गुणांक म्हणजे थेंबातली तीव्रता भागिले मूळ पाण्यातली तीव्रता. पुनर्प्राप्ती म्हणजे मूळ पदार्थापैकी किती टक्के थेंबात आला. समृद्धी गुणांकाला परत आलेल्या थेंबाच्या आकारमानाने गुणून नमुन्याच्या आकारमानाने भागले आणि शंभराने गुणले की पुनर्प्राप्ती मिळते. आपल्या पद्धतीत १० मिलिलिटर पाणी आणि ५० मायक्रोलिटर थेंब असल्यामुळे समृद्धी गुणांक जास्तीत जास्त २०० असू शकतो. पुनर्प्राप्ती ८५ टक्के असेल तर तो १७०, आणि मिथेनॉल मिसळून दुप्पट पातळ केल्यावर ८५. म्हणजे मर्यादेवरचे, लिटरला ३० मायक्रोग्रॅम असलेले पाणी यंत्रापुढे लिटरला २.५५ मिलिग्रॅमचे होऊन येते, आणि मर्यादेच्या दशांशाला असलेले पाणीही साध्या यूव्ही शोधकावर ठळक पीक देते. निष्कर्षण न करता तेच ३० मायक्रोग्रॅमचे पाणी थेट सोडले असते तर २० मायक्रोलिटरमध्ये ०.६ नॅनोग्रॅम एवढाच पदार्थ स्तंभावर गेला असता आणि पीक पायारेषेच्या थरथरीत हरवले असते.

कोणी २०० च्या वरचा समृद्धी गुणांक आणून दाखवला, तर आनंद मानण्याआधी व्हायलचे वजन विचारावे. थेंब ५० च्या जागी ३० मायक्रोलिटरच परत आला असेल तर तीव्रता फुगलेली दिसते. ही फसवणूक जाणूनबुजून होत नाही, पण परत आलेला थेंब न मोजणाऱ्या प्रत्येकाची ती कधी ना कधी होते.

मोजपट्टी, म्हणजे तीव्रता आणि पीक यांचा आलेख, मिथेनॉलमधल्या प्रमाणित द्रावणांवर काढू नये. स्वच्छ पाण्यात १, ५, १०, ३० आणि ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशी द्रावणे करून ती सगळी याच कृतीतून न्यावीत, म्हणजे थेंबात न आलेला हिस्सा आपोआप हिशेबात धरला जातो. दर तुकडीबरोबर एक ब्लँक (क्लोरपायरिफॉस नसलेले पाणी), एक दुहेरी नमुना आणि ज्ञात प्रमाणात क्लोरपायरिफॉस मिसळलेला एक नमुना ठेवावा. हा मिसळलेला नमुना त्याच विहिरीच्या पाण्यावर करावा, शुद्ध पाण्यावर नव्हे. अन्नातील कीटकनाशक अवशेषांसाठी युरोपात जे मार्गदर्शन आहे त्यात सरासरी पुनर्प्राप्ती ७० ते १२० टक्के आणि सापेक्ष विचलन २० टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. पाण्यासाठीही मी हीच चौकट वापरतो.

मीठ किती घालावे हा प्रश्न नेहमी येतो. मीठ घातल्याने पदार्थ पाण्यातून थेंबाकडे ढकलला जातो हे खरे, पण क्लोरपायरिफॉससारख्या पदार्थाला त्या ढकलण्याची फारशी गरज नसते, अॅट्राझिनला असते. जड द्रावके वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावे. क्लोरोबेंझीनची घनता १.११ आहे आणि १५ टक्के मिठाच्या पाण्याची घनताही जवळजवळ तेवढीच. अशा पाण्यात थेंब ना बुडतो ना तरंगतो, आणि सेंट्रिफ्यूज कितीही फिरवले तरी तो मध्येच लोंबकळत राहतो.

केळी, वांगी आणि मिरची

घन नमुन्याला ही कृती थेट लावता येत नाही. तिथे २००३ मध्ये पुढे आलेली क्वेचर्स पद्धत आधी करावी: १० ग्रॅम वाटलेला नमुना, १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. यातून निघणारा अॅसिटोनायट्राइलचा अर्क हेच पुढच्या पायरीचे विखुरणारे द्रावक होऊ शकते. त्यातला १ मिलिलिटर घेऊन त्यात डोडेकॅनॉल मिसळले आणि ते ५ मिलिलिटर पाण्यात सोडले की दोन्ही पद्धती एकमेकींना जोडल्या जातात. रावेर-यावलच्या केळीवर आणि भरिताच्या वांग्यावर हे सुरळीत चालते. नंदुरबारच्या लाल मिरचीवर मात्र तिचा तेलकट लाल रंग कीटकनाशकाच्या आधी थेंबात घुसतो, गोळी माणकासारखी लाल होते आणि स्तंभ लवकर खराब होतो. मिरचीसाठी अर्क आधी शोषकाने स्वच्छ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवी द्रावके, आणि घरातली अमृतधारा

गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल द्रावकांत झाला. आयनिक द्रव आले. ते उडत नाहीत म्हणून थेंब टिकतो, पण ते महाग असतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीला चालत नाहीत. त्यानंतर आली ती डीप युटेक्टिक द्रावके, आणि त्यांचे तत्त्व आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल आणि कापूर. ही तिन्ही कोरडी पांढरी द्रव्ये बाटलीत एकत्र करून झाकण लावले की थोड्या वेळाने आत कोणी पाणी घातल्यासारखे होते. तीच अमृतधारा. थायमॉल एकटे ५० अंशांच्या आसपास वितळते, मेंथॉल ४२-४४ अंशांना, पण एकत्र आल्यावर त्यांच्या रेणूंचे एकमेकांशी हायड्रोजन बंध होतात आणि मिश्रणाचा द्रवणांक खोलीच्या तापमानाच्या खाली जातो.

मेंथॉल आणि थायमॉल समप्रमाणात घेऊन केलेले द्रावक पाण्यात न मिसळणारे, कमी विषारी आणि स्वस्त असते. नवशिक्याने ते जरूर करून पाहावे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे मिश्रण पाण्याहून हलके असूनही बर्फात सहज गोठत नाही, म्हणून ते अरुंद मानेच्या नळीत वर आणून सिरिंजने ओढून घ्यावे लागते. थायमॉल अतिनील प्रकाश शोषते, त्यामुळे यूव्ही शोधकावर त्याचे अवाढव्य पीक येऊन शेजारचे लहान पीक झाकले जाऊ शकते. अशा वेळी थायमॉलच्या जागी डेकॅनॉइक आम्ल घ्यावे. तिसरी गोष्ट नावाच्या घोळाची आहे. डीप युटेक्टिक म्हटले की पुस्तकात कोलीन क्लोराईड आणि युरिया यांचे १:२ मिश्रण भेटते. २००३ चे ते मिश्रण महत्त्वाचे खरे, पण ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि पाण्याच्या नमुन्यात घातले की दोन्ही घटक सुटे होतात. पाण्यातून काही काढायचे तर पाण्याशी न मिसळणारे मिश्रणच हवे. शिवाय कोलीन क्लोराईड हवेतले पाणी ओढून घेते, आणि कूलरच्या दमट खोलीत त्याचे वजन डोळ्यांदेखत वाढते.

विखुरण्यासाठी अॅसिटोनायट्राइलही टाळण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००८ मध्ये अल्ट्रासाउंडने, २०१० मध्ये व्होर्टेक्सने आणि २०१२ मध्ये नुसते सिरिंजने वारंवार आत-बाहेर ओढून द्रावक विखुरण्याच्या पद्धती आल्या. यांतली शेवटची आपल्याकडच्या लहान प्रयोगशाळांना सर्वांत उपयोगी आहे, कारण तिला सिरिंजशिवाय काही लागत नाही. पोकळ तंतूच्या वाटेवर २००६ मध्ये विद्युतदाबाची भर पडली. भारित रेणू पडद्यातून काही मिनिटांत पार होऊ लागले. २०२२ मध्ये नमुना-तयारीची पर्यावरणस्नेहिता दहा निकषांवर मोजणारे अॅग्रीप्रेप हे मोफत साधन आले. आपल्या पद्धतीचे आकडे त्यात भरून पाहिले की कुठे वाया जाते ते चटकन दिसते. आमच्या क्लोरपायरिफॉसच्या पद्धतीत ते डोडेकॅनॉलपाशी दिसले नाही, एचपीएलसीच्या अॅसिटोनायट्राइलपाशी दिसले.

कामाच्या शेवटी

हातमोजे आणि धूर-कपाट यांत सवलत नाही. क्लोरपायरिफॉसचे तीव्र प्रमाणित द्रावण मज्जासंस्थेवर परिणाम करते. वापरलेले थेंब, मिथेनॉल आणि अॅसिटोनायट्राइल यांची वेगळी बाटली ठेवावी, मोरीत काही ओतू नये. नोंदवहीत प्रत्येक नळीपुढे पाच रकाने असावेत: घातलेल्या थेंबाचे वजन, परत आलेल्या गोळीचे वजन, खोलीचे तापमान, ढग झाला की नाही, आणि नळी कोणी हाताळली. पहिल्या महिन्यात यांतला दुसरा रकाना ३५ ते ४२ मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिर आला, की अॅट्राझिनकडे वळावे आणि मिठाचे प्रमाण ५ वरून १० टक्के करून पाहावे.